धूर लागलेला कडबा

यंदाचा आषाढ इतका कोरडा चाललाय, की परवा आमच्या अंगणात एक चिमणी धुळीत अंघोळ करून निघाली आणि अंग आणखी मळलं म्हणून पुन्हा धुळीत शिरली. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा. थापा मारण्यात अख्ख्या लातुरात मला तोड नाही, हे मी स्वतः सांगतोय म्हणजे खरंच असणार. पण आषाढ कोरडा गेला की माझ्या थापांच्याही घशाला कोरड पडते. आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरं पडतं. कावळे चोच उघडी टाकून बसतात. नळाला पाणी यायचा वार पुढे पुढे सरकत जातो. आणि माझ्या नाकात कुठूनसा धुराचा वास यायला लागतो. घरात गॅस आहे. चूल जाऊन एक पिढी उलटली. तरी येतो.

गेल्या आठवड्यात आक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची, नात ऋतुजा आली होती. ती पुण्यात डाळींचे भाव आधीच सांगायची नोकरी करते. म्हणजे जे काम मी फुकटात करायचो आणि ज्याबद्दल शिव्या खायचो, त्याला आता पगार मिळतो. तिने लॅपटॉप उघडून तुरीच्या भावाची रेघ दाखवली. आजपर्यंत रेघ सुतासारखी बारीक, आणि पुढच्या महिन्यांत तिचा पदर सुटल्यासारखा रुंद पट्टा झालेला.

"म्हणजे भाव इथून तिथवर कुठंही?" मी विचारलं.

"हो, आजोबा."

"मग तू चुकणार कधी?" ही तर माझीच जुनी युक्ती, असं मला वाटलं.

ती हसली. पट्टा हवा तेवढा रुंद केला तर कधीच चुकणार नाही, पण मग त्याचा कुणाला उपयोगही नाही, असं म्हणाली. म्हणून ते पट्टाही तपासतात. दहातल्या आठ वेळा भाव आत पडेल असं सांगितलं आणि दहाच्या दहा वेळा पडला, तरी ते ती चूकच धरतात. मागची काही वर्षं अंदाज काढणाऱ्या यंत्रापासून लपवून ठेवतात आणि मग त्याला ती वर्षं ओळखायला लावतात. आणि सगळ्यात आधी यंत्राची कुस्ती लावतात एका अगदी अडाणी अंदाजाशी, काल होता तोच भाव उद्या. त्याला पाडता आलं नाही तर यंत्र घरी.

"सोजरबाई," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोण?"

मी विषय बदलला. हे यंत्र किती मागपर्यंत शिकलंय, ते विचारलं. तिने सांगितलं. मी बोटं मोजली. आमचं ते वर्ष त्यात नव्हतं. जिल्हा नवा झाला त्यानंतरचं दुष्काळाचं वर्ष. त्याचे आकडेच नाहीत आमच्याकडे, ती सहज म्हणाली आणि चहा प्यायला लागली.

 एवढं शिकलेलं यंत्र, आणि त्याने तो कडबा कधी हुंगलेलाच नाही.

जिल्हा नवा झाला तेव्हा लातूरची हवाच निराळी होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसलेल्या. एका कचेरीच्या दारावर ओला रंग, तिच्याच मागच्या दारात मालकिणीच्या कुरडया वाळत घातलेल्या. ज्याला त्याला पुढचं दिसायला लागलं होतं. कोण म्हणे जमिनीचा भाव सोन्याला मागे टाकणार, कोण म्हणे विमान उतरणार. मी त्या सगळ्यांचा बाप. मी सांगून टाकलं होतं, की जिल्ह्याला शोभा म्हणून सरकार समुद्र इकडे वळवणार आहे, नुसता उदगीरच्या बाजूला थोडा चढ लागतोय. दोन जणांनी खरंच विचारलं, कोणत्या महिन्यात म्हणून.

मी मामांच्या आडतीत होतो. वय बावीस, मिसरूड कोवळं, जीभ मात्र म्हाताऱ्या आडत्याची. मामा म्हणजे कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं. दुकानापुढे भावाचा काळा फळा. रोज सकाळच्या चहाला आमचा एक खेळ चालायचा. उद्याचा भाव आज सांगायचा, आणि आठवडाभरात जो सगळ्यात जास्त चुकेल त्याने चहा पाजायचा. मामा फळा उलटा करून मागच्या बाजूला खडूने दोन रकाने ओढायचे. डावीकडे "बोलला", उजवीकडे "झालं". कितीही हसं झालं तरी ते पुसत नसत. माणूस आपलं बरोबर आलेलं तेवढं ध्यानात ठेवतो आणि चुकलेलं गिळतो, म्हणून हे पाहिजे, एवढंच म्हणायचे.

मामांची रीत साधी. मागल्या तीन बाजारांची सरासरी काढायची, आणि आभाळाकडे बघून ती थोडी वर-खाली करायची. माझी रीत मोठी. मी मुंग्यांची वारुळं बघायचो, व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात तेव्हा कुणाचा खांदा हलतो ते टिपायचो, हॉटेलात कोण साखर जास्त मागतो तेसुद्धा सोडायचो नाही. आणि सांगताना धूर्तपणा असा, की भाव सांगितला तर तारीख सांगायची नाही, आणि तारीख सांगितली तर भाव सांगायचा नाही. फळ्यावर मामा दोन्ही मागत, तिथे माझी गोची व्हायची.

आणि तिसरी सोजरबाई. आवारात सांडलेलं धान्य झाडून, पाखडून पोट भरणारी बाई. तिला अक्षर येत नव्हतं. तिला विचारलं, की ती केरसुणी न थांबवता म्हणायची, "काल व्हता त्योच."

रोज तेच. आम्ही हसायचो. आणि आठवड्याच्या शेवटी मामा रकाने ताडून बघायचे, तर सोजरबाई पहिली, मामा दुसरे, आणि मी चहा पाजणारा. त्या वर्षी मी एवढे चहा पाजले, की त्या हॉटेलवाल्याने माडी चढवली. पायऱ्या माझ्या पैशाच्या.

गंमत एवढीच होती, तोवर बरं होतं. पण त्या उन्हाळ्यात धान्याची आवक आटली. मग नदीचं पाणी आटलं, मग माणसांचं बोलणं आटलं. घागरींच्या रांगा एवढ्या लांब, की पहिल्या बाईची घागर भरेपर्यंत शेवटच्या बाईच्या मुलाला दाढी यायची. हे सांगून मी तेव्हाही लोकांना हसवत होतो. पण रांगेतल्या बायका हसत नसत, ते मी बघायचो आणि नजर फिरवायचो. मृगाने पाठ फिरवली. आवारात धान्याच्या जागी कडब्याचे ट्रक उभे राहायला लागले आणि फळ्यावर ज्वारी पुसून मामांनी कडबा लिहिला, शंभर पेंढ्यांचा भाव.

त्याच सुमारास देवणीहून दाजींचा निरोप आला.

दाजी म्हणजे आक्काचा नवरा. त्यांची देवणी बैलजोडी म्हणजे त्या घराचं नाक. उजवीकडचा वानऱ्या, अंगाने पांढराशुभ्र आणि तोंडाच्या कडा तेवढ्या काळ्या. डावीकडचा शेवऱ्या, पांढऱ्यावर काळे ढग उतरल्यासारखा. वासरं असल्यापासून एकाच दावणीला. एकाने पाणी प्यायला मान खाली घातली की दुसऱ्याची घातलेली असायचीच. त्यांच्या बाबतीत मी थाप मारत नाही, गरज पडत नाही.

निरोप असा, की भालकीकडच्या एका सोयऱ्याच्या विहिरीला पाणी आहे, थोडा घास आहे. तो जोडी सांभाळायला तयार आहे, पण ह्याच आठवड्यात नेली तर. नंतर त्याच्याकडे दुसऱ्यांची जनावरं येणार. वाट दोन दिवसांची, उन्हाची. वाटेत बैल बसला तर बसला. पाठवू का ठेवू? घरी ठेवायची तर कडबा विकत घ्यावा लागणार. भाव उतरणार का चढणार, एवढं सांग.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा अंदाज चहासाठी मागत नव्हतं. मी छाती फुगवून आवारात फिरलो. आणि मला काय दिसलं, तर ट्रकच ट्रक. हदगावचे, नायगावचे, नांदेडकडचे, रोज कालच्यापेक्षा जास्त. मी दोन दिवस ट्रक मोजले. माल वाढला की भाव पडतो, हे तर आवारातल्या शेळीलाही ठाऊक. भाव थोडा उतरलाही होता. मी फळ्यावर, पहिल्यांदाच तारखेसकट, लिहायला लावलं, की पंधरा दिवसांत कडबा निम्म्यावर. आणि देवणीच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, "ठेवा. उगं उन्हात हाकू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सोजरबाईला विचारलं. तिने केरसुणी थांबवली.

"उद्याचा भाव कालचा न्हाई," ती म्हणाली.

 ज्या बाईने वर्षभर एकच वाक्य म्हटलं, तिने दुसरं वाक्य म्हटलं की अंगावर काटा येतो. मी उसनं हसून विचारलं, काय सपान पडलं का मावशी. तिने ट्रकमधून खाली पडलेली एक पेंढी उचलली आणि माझ्या नाकाशी धरली.

"हुंग, भाचेबुवा."

धुराचा वास होता. गोवऱ्यांच्या, चुलीच्या धुराचा. काड्या तांबूस काळ्या, हाताला काजळी.

"ह्ये रानातलं न्हाई," ती म्हणाली. "छपराचं हाय. लोकं घरावरलं काढून इकायलेत. अन तू टरक मोजायलास."

मी ट्रक मोजले होते. तिने ट्रकवाल्याला विचारलं होतं. तिकडे आवई उठली होती, की चार-सहा दिवसांत वैरण जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी येणार, म्हणून जो तो होतं नव्हतं ते आधीच लातूरला ओतत होता. रान कधीच संपलं होतं. आता घरं येत होती. पूर आला म्हणून मी नाचत होतो, आणि तो तळं फुटल्याचा पूर होता.

इथे मला थांबावंसं वाटतं. एखादी चांगली थाप घालून पुढे जावंसं वाटतं.

देवणीची गाडी रोज होती. कंडक्टर ओळखीचा होता. त्याच दुपारी दुसरा निरोप धाडता आला असता, "मी चुकलो, आजच हाका." सोयऱ्याने दिलेल्या मुदतीचे तीन दिवस शिल्लक होते. मी स्टँडवर गेलोसुद्धा. कंडक्टरने विचारलं, काय पाव्हणं, आज काय भाकीत? आजूबाजूचे चार जण हसले. आणि मी म्हणालो, काही नाही, सहज आलो.

ते तीन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. भीतीला चव असते, गंजलेल्या खिळ्यासारखी. मी आभाळाकडे बघायचो. एक ढग दिसला तरी त्याला नातेवाईक आहेत का ते शोधायचो. पाऊस आला असता तर माझं सगळं झाकलं गेलं असतं. चुकलेला अंदाज नशिबाने बरोबर ठरवायला निघालेला माणूस सगळ्यात घाबरट असतो, कारण तो सगळ्या गावाचं आभाळ आपल्या अब्रूसाठी मागत असतो. चौथ्या दिवशी ट्रक आले नाहीत. पाचव्या दिवशीही नाहीत. आवार एवढं रिकामं, की सोजरबाईची केरसुणी ह्या टोकाला वाजली तर त्या टोकाला ऐकू यायची. भाव दुपटीवर गेला, आणि मग भाव राहिलाच नाही, कारण माल नव्हता.

मामांनी फळ्याच्या मागच्या बाजूला माझ्या अंदाजापुढचा "झालं" रकाना कोरा ठेवला. खडू माझ्या हातात दिला. "हे तू लिही," म्हणाले. मला लिहिता आलं नाही. त्या उजव्या रकान्यात भाव लिहायचा होता, पण माझ्या डोळ्यांपुढे भाव नव्हता, दाजींची जोडी होती.

मग मी देवणीला गेलो. मामांच्या मागच्या खोलीतल्या दोन पेंढ्या मागून घेतल्या आणि एस.टी.च्या टपावर बांधल्या. वाऱ्याने वाटेत काडी काडी ओढून नेली. उदगीरपर्यंत सगळ्या रस्त्याला मी चारा घालत गेलो. उतरलो तेव्हा हातात दोऱ्यांसकट एक पेंढी.

दाजींच्या गोठ्यात उभं राहिलो आणि वर आभाळ दिसलं. छप्पर नव्हतं. वासे उघडे, बरगड्यांसारखे. खाली शेवऱ्या उभा. एकटा.

वानऱ्या कुठंय, मी विचारलं. 

"भालकीला धाडला," दाजी म्हणाले. ते वाशाला टेकून बसले होते. "तुझं निम्मं धरलं. ल्हानपणापासून तुझं निम्मंच धरीत आलो ना आपण. म्हनून एक धाडला, एक ठिवला."

दाराआड आक्का उभी होती, पदर तोंडात धरून. ती हसत होती की काय, असं मला क्षणभर वाटलं. हसत नव्हती.

निम्मं. मी आयुष्यभर लोकांनी निम्मं धरावं म्हणून दुप्पट बोलत आलो. सगळ्यांना ठाऊक असलेला तो हिशोब होता, थट्टेतला. त्या हिशोबाने एक जोडी मधोमध चिरली होती. मी कळल्यावर गप्प बसलो, ते तेव्हाही सांगितलं नाही. हातातली पेंढी शेवऱ्यापुढे टाकली. त्याने ती हुंगली, आणि खायच्या आधी मान उजवीकडे वळवून थांबला. दुसरी मान खाली यायची वाट बघत. मग एकट्याने खाल्ली.

श्रावणात कंडक्टरने निरोप आणला. ह्या वेळी तो हसला नाही. शेवऱ्या बसला होता, तो उठला नाही. त्यानंतर आठ दिवसांनी थोडा पाऊस झाला. थोडाच, जमिनीची धूळ बसेल एवढा. माझ्या नवसाचा पाऊस, उशिरा आलेला. त्याचा वास सगळ्यांना आवडला. मला त्यातसुद्धा धूर लागला.

ऋतुजाला मी विचारलं होतं, की तुम्ही चूक कशात मोजता? ती म्हणाली, टक्क्यांत, आजोबा. आणि चूक मोठी असेल तर तिला जास्त वजन पडावं म्हणून तिचा वर्ग करतो. छोट्या चुका शंभर झाल्या तरी चालतात, एक मोठी नको. ती हे बोलत असताना मला मामांचा फळा दिसत होता. चहाच्या त्या सगळ्या चुका डाव्या-उजव्या रकान्यात नीट भरलेल्या, आणि एक जागा कोरी. मामा गेले, दुकान गेलं, फळा कुठल्यातरी पत्र्याखाली सडला असेल. यंत्राकडे ते वर्ष नाही, फळ्यावर तो आकडा नाही. सोजरबाईला तर लिहिताच येत नव्हतं. राहिलो मी, आणि माझं निम्मं धरायची सवय लागलेले तुम्ही. एवढंच म्हणतो, की ह्यातलं चिमणीचं आणि हॉटेलच्या माडीचं निम्मं धरा. बाकीचं पुरं धरा.

पोळ्याला दाजींनी मला बोलावून घेतलं.

वानऱ्या आदल्या दिवशी भालकीहून चालत आला होता. हाडं दिसत होती, पण चालत आला होता. त्याच संध्याकाळी खांदेमळणी. वाटीत लोणी आणि हळद. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात फिरवत, जुवाचे घट्टे दाबत, दरवर्षीसारखं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." आणि मग सवयीने ते डावीकडे वळले, हात उचलला, आणि तेच पुन्हा म्हणाले. हळदीचा हात हवेत.  त्यांनी हात हळूच मोकळ्या खुंट्याला पुसला.

तेव्हा मी सांगितलं. "दाजी, मला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. गाडी व्हती. मी निरोप धाडला न्हाई."

त्यांनी ऐकलं. वाटी उचलली आणि आत गेले. आक्काने मला जेवायला वाढलं.  मी घरात असताना एवढी शांतता पहिल्यांदाच झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सगळी जनावरं वेशीकडे निघाली. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, जोडीजोडीने. दुष्काळाचं साल, त्यामुळे रंग पातळ आणि घुंगरांचा आवाजही रोडावलेला. वानऱ्याला झूल घातली, कासरा दिला. तो दारातून निघेना. ओढला तरी निघेना. उजव्या अंगाला सरकून, डावीकडे एका बैलाची जागा सोडून, तसाच उभा. मागच्या जोड्या खोळंबल्या. मागच्यांनी कासरे आवरून धरले. देवणीच्या लोकांना बैलाचं हे सांगावं लागत नाही.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. काल रात्रीपासून पहिल्यांदाच.

"पाव्हण्या, हिकडं ये. डाव्या अंगाला."

मी गेलो. त्यांनी माझा हात धरून वानऱ्याच्या खांद्यावर ठेवला. कालचं लोणी अजून ओलं होतं. बैलाने मान वळवून मला हुंगलं, बराच वेळ. मला वाटलं, त्याला माझ्या अंगाला धूर लागतोय. मग त्याने एक पाऊल टाकलं आणि मी टाकलं. सगळ्या गावातून, मारुतीच्या पारापर्यंत, तोरणाखालून, मी एका बैलाच्या जागी चाललो.  घाईने दोनदा पुढे गेलो, आणि दोन्ही वेळा तो थांबला.

कासरा धरलेले दाजी मागून एवढंच म्हणाले, "हळू चाल. त्याला तुझी सवय न्हाई."